शेवटचा रकाना

"भाऊ, तुमच्या अ‍ॅपमध्ये वजन राहतं, उंची राहते. दंडघेर तेवढा राहत नाही."

जव्हारच्या एका पाड्यावरच्या अंगणवाडीताईंचा हा फोन. एका ओळखीच्या गटासाठी मी ते अ‍ॅप फुकट लिहून दिलं होतं. मी म्हणालो, "ताई, जतन करायचं बटण दाबायला विसरत असाल." त्या म्हणाल्या, "रोज कशी विसरेन?"

अम्मी बाजूलाच बसली होती. "ती बाई खोटं कशाला बोलेल? जाऊन बघ." दुसऱ्या दिवशी भिवंडीहून वाडा, विक्रमगड करत जव्हार गाठलं.

दंडघेर हा साधा रकाना नाही. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाभोवती पट्टी गुंडाळायची. माप 11.5 सेंटिमीटरच्या खाली आलं की मूल अतितीव्र कुपोषित, म्हणजे पट्टीचा लाल भाग. 1992 मध्ये याच तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने मुलं दगावली आणि जव्हार-मोखाड्याचं नाव राज्यभर झालं. तिथे हा आकडा गहाळ होणं मला परवडणारं नव्हतं.

ताईंनी माझ्यासमोर एका मुलीची नोंद भरली. वजन, उंची, शेवटी 11.2. मग थेट 'जतन करा'. यादी उघडली तर दंडघेर कोरा. बटण त्यांनी दाबलंच होतं. चूक माझी होती.

मी आकडा कधी साठवत होतो? रकान्यातून फोकस निघाला की. फोकस म्हणजे टाइप केलेलं ज्या रकान्यात जाईल तो रकाना. अँड्रॉइड फोकस आल्या-गेल्याची खबर देतो, फ्लटरमध्ये फोकसनोड, रिअ‍ॅक्ट नेटिव्हमध्ये ऑनब्लर हेच काम करतो. वजनावरून बोट उंचीच्या रकान्यावर गेलं की वजनाचा फोकस सुटायचा आणि ते साठवलं जायचं. पण अँड्रॉइडच्या साध्या बटणाला बोट लावलं तर ते फोकस घेतच नाही. कर्सर दंडघेरातच लुकलुकत राहतो. मागे जाण्याच्या बटणाने कीबोर्ड खाली गेला तरी फोकस हलत नाही. शेवटच्या रकान्यानंतर दुसरा रकानाच नव्हता, त्यामुळे मी ज्या खबरीची वाट पाहत होतो ती कधी आलीच नाही.

घरी मात्र सगळं नीट चालायचं. लॅपटॉपवर तपासताना मी टॅब कळ दाबून पुढे जायचो, आणि टॅबने फोकस बटणावर जातो. ताईंच्या फोनला टॅब कळ नाही.

अंगणवाडीच्या ओट्यावर बसूनच दुरुस्ती केली. जतन दाबलं की फोकस कुठेही असो, सगळे रकाने वाचायचे. टाइप करणं थांबलं की क्षणभराने कच्ची नोंद ठेवायची. अ‍ॅप मागे गेलं तरी ठेवायची, कारण मधेच फोन येतो, मूल रडतं. दंडघेर कोरा असेल तर पुढे जाऊ द्यायचं नाही. फोकस सुटल्याची खबर आता फक्त आकडा चुकीचा वाटला तर इशारा देण्यापुरती उरली.

"त्या मुलीचं काय झालं?" मी घाबरतच विचारलं. माझ्या यादीत ती आलीच नव्हती.

"तिला मागच्या आठवड्यातच दवाखान्यात पाठवली," ताई म्हणाल्या. "पट्टी लाल दिसली ना मला. वहीत आहे सगळं."

वही मी चाळली. निळ्या शाईत 11.2, पुढे तारीख. जुन्या सगळ्या नोंदी त्या वहीवरून पुन्हा भरल्या. संध्याकाळची एसटी चुकली.

निघताना ताईंची माफी मागितली. त्या हसल्या, "अम्मीला सलाम सांगा."