पहिल्या पगाराची दावत

बाहेर जेवायला जायचं ठरलं की आपल्या घरांत भुकेच्या आधी चौकशी सुरू होते. गोश्त हलाल आहे का, तळणीचं तेल एकच आहे का, शेजारच्या टेबलावर शराब येते का. मिरजेत याचा फार त्रास होत नाही. कुठलं हॉटेल कोणाचं आणि तिथं गोश्त कुठून येतं, हे गल्लीतल्या पोराला विचारलं तरी कळतं. परमुलखात मात्र जेवणापेक्षा चौकशीच मोठी होऊन बसते.

अब्बांचा इंतकाल झाला आणि आपा अम्मींना आपल्याकडे टोरोंटोला घेऊन गेल्या, त्याला आता दोन वर्षं झाली. या दोन वर्षांत अम्मींनी घराबाहेर एक घासही खाल्ला नव्हता. दवाखान्यात जातानासुद्धा डब्यात चपाती आणि बटाट्याची भाजी. दुल्हेभाईंनी समजावलं, नातवंडांनी हट्ट केला, पण नाही म्हणजे नाही. यंदा मेच्या सुट्टीत आम्ही लेकीला घेऊन तिकडे गेलो, ते अम्मींना भेटायलाच. त्या पुढे तिथंच राहणार की आमच्याबरोबर परत येणार, हेही ठरायचं होतं; पण तो विषय घरात कोणीच काढत नव्हतं. आपा सोफ्यावर बसून भाजी निवडायच्या, अम्मी तसबीह फिरवायच्या आणि आम्ही हवापाण्याबद्दल बोलायचो.

अशात भाचीला औषधांच्या दुकानातल्या नोकरीचा पहिला पगार मिळाला. कॉलेज सांभाळून ती संध्याकाळी तिथं काम करते. तिनं जाहीर केलं, “सगळ्यांना माझ्याकडून दावत, ग्रीक हॉटेलात, आणि दादीसारखं नानीनं नाही म्हणायचं नाही.” दादी, म्हणजे दुल्हेभाईंच्या अम्मी, चिपळूणहून एकदा येऊन गेल्या होत्या आणि पिझ्झ्याच्या दुकानाबाहेरच बाकावर बसून राहिल्या होत्या.

ग्रीकच का, असं आम्ही विचारलं. तिचं उत्तर ऐकून आम्हाला पोरीचं कौतुक वाटलं. ती म्हणाली, त्यांच्याकडे मासे आणि भाज्या इतक्या असतात की गोश्तापर्यंत जायची गरजच पडत नाही. गायरो आणि सुवलाकी ग्रीसमध्ये बहुतेक डुकराच्या मांसाची करतात, म्हणून मेनूतली ती पानं तिनं आधीच बाद केली होती. दोन दिवस आधी फोन करून मासे भाजायची जाळी वेगळी आहे का, पानांच्या गुंडाळ्यांत खिमा असतो की नुसता भात, माशावर वाइन शिंपडतात का, हे सगळं विचारून कागदावर लिहून ठेवलं होतं. तो कागद तिनं अम्मींच्या हातात दिला. इंग्रजी अम्मींना वाचता येत नाही. तरी त्यांनी चष्मा लावून तो उलटसुलट पाहिला आणि घडी करून बटव्यात ठेवला. “चलो,” म्हणाल्या.

टोरोंटोच्या डॅनफोर्थ रस्त्याच्या एका भागाला ग्रीकटाऊन म्हणतात. तिथल्या पाट्यांवर रस्त्यांची नावं ग्रीक लिपीतही लिहिलेली आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर ग्रीसमधून आलेली मंडळी या भागात स्थिरावली. आता बरीचशी उपनगरांत गेली, पण हॉटेलं आणि बेकऱ्या राहिल्या. चेस्टर स्टेशनाजवळच एक छोटा चौक आहे आणि तिथं सिकंदराचा पुतळा आहे. अम्मी थांबल्या. “हाच का तो सिकंदर?” त्यांच्या मनातला सिकंदर वाजांतला, रिकाम्या हातांनी दुनियेतून गेलेला. हा तर एक तरुण पोरगा निघाला.

आमच्या नववीतल्या लेकीला शाळेतली एक गोष्ट आठवली. बखरीतल्या उताऱ्यात मुसलमानांना ‘यवन’ म्हटलेलं असतं. मग हे ग्रीक कोण? हा प्रश्न आमच्या वर्गातही दरवर्षी येतो आणि दरवर्षी चार मुलं मान खाली घालतात. खरं तर शब्द यांचाच. आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावर आयोनिया नावाचा ग्रीकांचा मुलूख होता. त्यावरून इराण्यांनी ‘यौन’ केलं, अरबांनी ‘युनान’, आपल्याकडे ‘यवन’ झालं. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या खांबांवर धेनुकाकटच्या यवनांनी दिलेल्या दानाचे लेख आहेत, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे. पुढे वायव्येकडून येणाऱ्या सगळ्यांनाच ते नाव चिकटलं. अब्बा ज्या युनानी दवाखान्यातून माजून आणायचे तो युनान हाच, आणि ‘अफलातून’ म्हणजे प्लेटो. लेक म्हणाली, “मग सरांनी हे का नाही सांगितलं?” हॉटेल समोर आलं होतं, त्यामुळे उत्तर देण्यातून सुटलो.

आधी छोट्या बशा आल्या. झाझिकी म्हणजे घट्ट दह्यात किसलेली काकडी आणि लसूण. अम्मींनी चमच्याच्या टोकानं चाखलं. “ये तो अपनीच कोशिंबीर है ना!” मग उकडलेली पालेभाजी, वर जैतुनाचं तेल आणि लिंबू. तिला ‘होर्ता’ म्हणतात आणि उन्हाळ्यात ग्रीसमध्ये त्यासाठी माठही वापरतात. टोमॅटोत शिजवलेले मोठाले पांढरे घेवडे आले. आणि डोल्मादेस: द्राक्षाच्या पानांत भात गुंडाळून केलेल्या बोटभर गुंडाळ्या. यावर अम्मी बराच वेळ विचारात पडल्या. “तासगावला एवढे द्राक्षांचे बाग, एप्रिलच्या छाटणीत गाड्या भरून पाला निघतो, तो काय शेळ्यांनीच खायचा?” फवारणीचं औषध असतं म्हणून आम्ही सांगितलं. त्यांना ते फारसं पटलं नाही.

दुल्हेभाईंनी जाळीवर भाजलेला ऑक्टोपस मागवला आणि टेबलाच्या दोन बाजू झाल्या. ते कोकणातले, शाफई. समुद्रातलं सगळं त्यांना चालतं. “माकूल खातच मोठा झालो,” असं म्हणत त्यांनी आणि भाचीनं बशी जवळ ओढली. आम्ही हनफी, आमच्याकडे फक्त मासा. मधल्या आपा लग्नाला पंचवीस वर्षं होऊनही हनफीच्याच बाजूला बसलेल्या. अम्मींनी त्या आठ पायांकडे एकवार पाहिलं आणि जावयाला म्हणाल्या, “खाव, खाव. तुम्हारे वास्ते जायज है.”

तेवढ्यात शेजारच्या टेबलावर आगीचा लोळ उठला आणि वाढप्यानं “ओपा!” अशी आरोळी दिली. तळलेल्या चीजवर ब्रँडी ओतून पेटवतात, तो प्रकार. भाच्याला तो हवा होता. बहिणीनं डोळे वटारले. गंमत म्हणजे ग्रीसमध्ये ही आग लावतच नाहीत. ती शिकागोच्या एका ग्रीक हॉटेलात 1968 साली सुरू झाली. परमुलखात आपली ओळख सांगायला माणसाला थोडा जाळ करावा लागत असेल.

मग अख्खा मासा आला, डोक्यासकट. लिंबू, तेल, सुकी वनस्पती, बस्स. अम्मींनी काटा-चमचा बाजूला सारला, बिस्मिल्ला म्हणून हातानं मासा सोडवायला घेतला. काटे एका कडेला, गालाचं मांस आधी नातवाला. आम्ही कोणी काही बोललो नाही. आपा पाण्याचा पेला हातात धरून नुसत्या बघत राहिल्या.

हे गल्ल्यावर बसलेल्या म्हाताऱ्या मालकीणबाईंनी पाहिलं आणि त्या उठून आल्या. माशाचं डोकं परत न पाठवणारं गिऱ्हाईक आताशा कमी, असं म्हणाल्या. भाची मधे दुभाषी. त्यांची आजी कपाडोकियाची, म्हणजे तुर्कस्तानच्या आतल्या भागातली. 1923 मध्ये लोझानला करार झाला आणि तुर्कस्तानातले सुमारे बारा लाख ख्रिस्ती ग्रीसच्या वाट्याला आले, ग्रीसमधले चार लाखांच्या आसपास मुसलमान तुर्कस्तानच्या. भाषा विचारली नाही, फक्त मजहब पाहिला. क्रीट बेटावरचे मुसलमान ग्रीक बोलत तुर्कस्तानात गेले आणि या बाईंची आजी तुर्की बोलत ग्रीसमध्ये आली. तिच्याकडची पुस्तकं भाषेनं तुर्की आणि लिपीनं ग्रीक होती. नव्या गावात लोक त्यांना ‘तुर्काचं बी’ म्हणायचे. आजी मरेपर्यंत स्वयंपाकघरात तुर्कीतच बोलली.

अम्मींनी विचारलं, “वो वापस गई कभी?”

नाही, बाई म्हणाल्या. एकदाही नाही.

अम्मींचे एक मामू 1947 मध्ये कराचीला गेले. ईदला त्यांचं पत्र यायचं, मग तेही थांबलं. अम्मींनी ते बाईंना सांगितलं नाही. त्यांनी बाईंचा हात थोडा वेळ आपल्या हातात धरला, माशाचा वास लागलेल्या हातात, आणि बाईंनीही तो सोडवून घेतला नाही.

शेवटी मधात घोळलेले, दालचिनी भुरभुरलेले गोल वडे आले. बाईंनी नाव सांगितलं, लुकुमादेस. “लुकमा?” अम्मी म्हणाल्या. होय, तोच; अरबीतला घासाचा शब्द तुर्कीवरून तिथं पोचलेला. अम्मींनी तीन लुकमे खाल्ले. डायबेटीसची आठवण आम्हीही करून दिली नाही. बिल भाचीनं दिलं, नोटा दोनदा मोजून. दुल्हेभाईंनी टीप ठेवायला खिशात हात घातला, तर तिनं तोही अडवला.

जूनमध्ये तिथं सूर्य नऊच्या सुमाराला मावळतो. जेवण उरकून डॉनलँड्स स्टेशनजवळच्या मदिना मशिदीत आम्ही मगरिब पढलो आणि स्कारबरोकडे जाणारी गाडी पकडली. ती गाडी बराच वेळ जमिनीखालून जाते आणि व्हिक्टोरिया पार्कच्या जवळपास उघड्यावर येते. तिथं अम्मींनी बटव्यातून भाचीचा तो कागद काढला, पुन्हा घडी घालून आत ठेवला, आणि आमचं परतीचं तिकीट किती तारखेचं आहे असं विचारलं.

आम्ही तारीख सांगितली. आपा खिडकीबाहेर पाहत होत्या.

“जगह होंगी क्या उसमें और एक?” अम्मींनी विचारलं, पण आम्हाला नाही, आपांना.