लव आणि उजेड

मुलींच्या बाथरूममधली फळी हे माझं आवडतं वाचन आहे. हिंजवडीत फेज वनच्या अलीकडे आमचं घर आहे. त्याच्या वरच्या मजल्यावरच्या खोल्या मी नोकरी करणाऱ्या मुलींना भाड्यानं देते. कुणी लातूरची, कुणी जळगावची, कुणी वर्ध्याची; मी सगळ्यांची काकू. सकाळी त्या कंपनीच्या बसनं गेल्या, की गिझर बंद केलाय का, नळ ठिबकतोय का, हे बघायला वर जाते आणि नजर फळीवर रेंगाळते. अर्ध्या फळीवर डोक्यावरचे केस टिकावेत म्हणून तेलं, शाम्पू, कांद्याचा अर्क. उरलेल्या अर्ध्या फळीवर बाकीच्या अंगावरचे केस जावेत म्हणून जमवलेली हत्यारं. एकाच देहात केवढा हा पंक्तिप्रपंच!

गुलाबी मुठीचा रेझर. पिळून पिळून चपटी झालेली क्रीमची ट्यूब. भुवयांसाठी पेनाएवढा ट्रिमर, मोबाइलवर मागवल्यावर चहा उकळेपर्यंत दारात आलेला. आरशाखालच्या प्लगला लावलेला एपिलेटर. आणि कपाटात, खोक्यासकट जपून ठेवलेलं, दिवाळीच्या बोनसमधून घेतलेलं ते नवं यंत्र, जे केसांना धरत नाही, कापत नाही. नुसता उजेड पाडतं.

आमच्याकडे साताऱ्याला हे काम पिठानं सुरू व्हायचं. बाळाला न्हाऊ घालणारी बाई तेल चोळून झालं की कणकेचा गोळा घ्यायची आणि बाळाच्या पाठीवर, कपाळावर, दंडांवर फिरवायची. गोळ्याला लव चिकटून यायची ती बाळंतिणीला, तिच्या सासूला, आलेल्या शेजारणीला दाखवायची. ‘बघा, किती निघाली!’ मुलगी असली तर गोळा जरा जास्तच फिरायचा. तान्ह्याची लव काही आठवड्यांत आपोआप गळते, असं डॉक्टर सांगतात. पण त्या बाईला हे कोण सांगणार, आणि सांगून तिनं ऐकलं असतं थोडंच? पुढे मुलगी न्हातीधुती झाली की डाळीचं पीठ, हळद आणि साय. घासून घासून हात लाल व्हायचे, केस जिथल्या तिथे.

कॉलेजात गेल्यावर पीठ मागे पडलं आणि साखर आली. साखर, लिंबाचा रस, थोडं पाणी, मंद आच. पाक लाडवांना लागतो त्याच्याही पुढे न्यायचा, पण करपू द्यायचा नाही. ज्या घरातली आई पाकातले रव्याचे लाडू चांगले करायची, त्या घरातल्या मुलींचं वॅक्स चांगलं जमायचं, असं माझं निरीक्षण आहे. शास्त्र म्हणून कुणी घेऊ नये. जुन्या जीनच्या कापडाच्या पट्ट्या, बोथट सुरी, पुरुषमाणसं बाहेर गेलेली दुपार. मागच्या खोलीत आम्ही मैत्रिणी, दाराला आतून कडी, एकीची पोटरी दुसरीच्या मांडीवर. ‘एक, दोन’ म्हणायचं आणि तीनच्या आधीच पट्टी ओढायची. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून तोंडात ओढणीचा बोळा. आणि त्या खोलीत काय काय बोललं जायचं! कुणाचं लग्न कुठे जमतंय, कुणाच्या बहिणीला सासरी काय सोसावं लागतंय, कुणाची पाळी का चुकली. जिच्या हातात आपली पोटरी दिली, तिच्यापासून लपवायचं काय?

क्रीम लावणाऱ्या मुली आमच्यात श्रीमंत समजल्या जायच्या. अ‍ॅन फ्रेंचच्या जाहिराती मासिकांत असायच्या, ट्यूब मात्र लपवून ठेवावी लागे. आणि लपवून उपयोग नसे, कारण वास घरभर जायचा. तो गंधकाचा वास. केसातलं केराटिन गंधकाच्या बंधांनी घट्ट विणलेलं असतं, क्रीममधलं थायोग्लायकोलेट ते बंध सोडवतं, मग केस मऊ पडून पुसला जातो. कल्पना जुनीच. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात व्रणाभोवतीचे केस घालवायला दोन भाग शंखाचं चूर्ण आणि एक भाग हरताळ, आंबवलेल्या शुक्तात वाटून लावायला सांगितलंय. हरताळ म्हणजे आर्सेनिक आणि गंधक. तुर्कस्तानातल्या हमामांतही चुना आणि हरताळाचा लेप चाले. केस घालवण्यासाठी माणसानं विष अंगाला लावायला कधी फारसा विचार केलेला दिसत नाही. 1930 च्या सुमारास अमेरिकेत कोरेम्लू नावाचं क्रीम राजरोस विकलं जात होतं. त्यात थॅलियम होतं, उंदीर मारायला वापरायचे ते. बायकांच्या ओठांवरची लव गेली, डोक्यावरचे केस गेले, कुणाचे पाय लुळे पडले, कुणाची दृष्टी गेली.

रेझर मात्र आमच्या घरी बायकांच्या बाजूला कधी आला नाही. त्याचं कारण मला उशिरा कळलं. आजीच्या आत्याला लहानपणी वैधव्य आलं होतं. परसदारी न्हावी यायचा, ती पाटावर खाली मान घालून बसायची, आणि लहानगी आजी दाराआडून बघायची. 1890 मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं न्हाव्यांनी ठरवलं, की विधवांच्या डोक्यावरून वस्तरा फिरवायचा नाही. पोटावर पाय आणून घेऊन त्या लोकांनी जे केलं, ते भल्याभल्या शास्त्र्यांना जमलं नव्हतं. पण मुंबईत ठरलेलं आमच्या गावापर्यंत पोचायला फार वर्षं गेली. किंग कॅम्प जिलेटला सेफ्टी रेझरचं पेटंट 1904 मध्ये मिळालं आणि 1915 मध्ये त्याच्या कंपनीनं खास बायकांसाठी ‘मिलेडी डेकोलते’ नावाचा नाजूक रेझर काढला, कारण तिकडे बिनबाह्यांचे झगे आले होते. तिकडची बाई काखेतून पातं फिरवून नाचायला निघाली होती, तेव्हा इकडे आजीची आत्या पाटावर बसत होती. माझ्या हातात पहिल्यांदा रेझर दिसला, तेव्हा आजी एवढंच म्हणाली, ‘टाक तो.’ मी टाकला.

म्हणून वरच्या मुलींच्या फळीवरचा गुलाबी रेझर बघून मला बरं वाटतं. पातं तिचं, हातही तिचाच. हुकूम कुणाचा, हे मात्र अजून मधूनमधून विचारावंसं वाटतं. लातूरच्या मुलीला एकदा विचारलंही. ती बसच्या घाईत होती. ‘काकू, मला आवडतं म्हणून,’ म्हणाली आणि जिना उतरून गेली. तिचं खरं असेल. पावसाळ्यात सगळ्यांच्या जीन घोट्यापर्यंत असतात, तेव्हा रेझरही कोरडा असतो, हेही खरं.

एपिलेटर मी पहिल्यांदा पाहिला तो दुबईहून आलेल्या मावसबहिणीकडे. एपिलेडी. इस्रायलमधल्या हागोश्रीम नावाच्या किबुत्झवर, म्हणजे सामुदायिक शेतीच्या वसाहतीवर, 1986 मध्ये तो जन्मला. आत गोल वाकवलेली स्प्रिंग गरागरा फिरते. बाहेरच्या बाजूला तिचे वेढे उघडतात, आतल्या बाजूला मिटतात, आणि मिटताना केस चिमटीत धरून मुळासकट उपटतात. मावसबहिणीनं तो माझ्या दंडाला लावला, आणि पुढची पाच मिनिटं आम्ही दोघी बोललो नाही. याच यंत्रावरून युरोपात मोठा खटला झाला. रेमिंग्टन कंपनीनं स्प्रिंगऐवजी चिरा पाडलेली रबराची कांडी बसवली होती. काम तेच, ओढणं तेच. ही नक्कल की नवा शोध? 1989 मध्ये लंडनच्या न्यायालयानं सांगितलं, नक्कल नाही. जर्मनीतल्या न्यायालयानं त्याच पेटंटावर नेमकं उलट सांगितलं. पेटंटचा कायदा शिकवताना आजही हा खटला सांगतात. कांडीला स्प्रिंग म्हणावं का, यावर विद्वान पुरुषांनी इतका कीस पाडला; आणि तिकडे बायका दात-ओठ खाऊन दोन्ही वापरत होत्या. पुढे ब्राऊनसारख्या कंपन्यांनी स्प्रिंगच्या जागी चिमट्यांच्या चकत्या आणल्या, दुखणं थोडं कमी झालं. आपल्याकडेही यंत्रं स्वस्त झाली. एलईडी दिव्यांची म्हणून माहीत असलेली पुण्याची सिस्का कंपनीसुद्धा ट्रिमर विकायला लागली.

आता तो उजेड. 1983 मध्ये रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश या बॉस्टनच्या दोन डॉक्टरांनी मांडलं, की योग्य रंगाचा प्रकाश योग्य तेवढ्याच क्षणापुरता टाकला, तर कातडीतली नेमकी हवी ती रंगीत गोष्ट तापवता येते, आजूबाजूचं वाचवून. केसातलं काळं मेलॅनिन तो प्रकाश पितं, तापतं, आणि ती धग मुळाला बसते. आधी दवाखान्यांतली मोठी यंत्रं आली, मग 2008 च्या आसपास मुठीत मावणारी घरगुती. घरातल्या बहुतेक यंत्रांत लेझर नसतो, झेनॉनचा फ्लॅश असतो, त्यालाच आयपीएल म्हणतात. वाढीच्या अवस्थेतल्या केसांवरच तो चालतो, म्हणून महिनोन् महिने पुन्हा पुन्हा बसावं लागतं. आणि गंमत म्हणजे त्याच्या आधी अंगावरून रेझर फिरवावाच लागतो. उपटलेला चालत नाही, कारण मूळ जागेवर हवं. एवढं अद्ययावत यंत्र, आणि ते पहिल्यांदा काय मागतं, तर पातं!

वर्ध्याच्या मुलीनं ते खोकं उघडलं तेव्हा मी तिथेच होते. खोक्यावर कातडीच्या रंगांचा तक्ता होता, दुधी पांढऱ्यापासून गडद तपकिरीपर्यंत. तिनं बाल्कनीतल्या उन्हात मनगट त्याच्याशेजारी धरलं, चालण्यासारखं होतं. मग लातूरच्या मुलीनं हात पुढे केला. ती सावळी, चांगलीच सावळी. यंत्राला पुढे एक डोळा असतो, तो आधी रंग बघतो. त्यानं बघितलं, आणि यंत्र पेटलंच नाही. पुन्हा लावलं, पुन्हा गप्प. ती हसली. ‘काकू, याला पण गोरीच पाहिजे.’

आम्ही तिघी हसलो, पण ते वाक्य माझ्या मनात राहिलं. तसा यंत्राचा दोष नाही. मेलॅनिन केसातलं कुठलं आणि कातडीतलं कुठलं, हे फ्लॅशला कळत नाही. गडद कातडीवर तो पडला तर भाजतं, डाग राहतात. यंत्र गप्प बसलं ते तिच्या भल्यासाठीच. क्लिनिकमध्ये 1064 नॅनोमीटरचा लेझर असतो, तो सावळ्या कातडीला जास्त मानवतो. पण हा तक्ता ज्यावरून आला, ती अमेरिकेतल्या थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी 1975 मध्ये केलेली वर्गवारी मुळात गोऱ्या कातडीचीच होती; तपकिरी आणि काळे वर्ग नंतर जोडले गेले. आपल्याकडची बहुतेक कातडी चौथ्या-पाचव्या वर्गातली. ज्या कातडीचा विचार शेवटी झाला, तिच्यासाठी यंत्रही शेवटीच येतं.

वर्ध्याची मुलगी आता दर पंधरवड्याला रविवारी दार लावून बसते. कानात गाणी, डोळ्यांवर गॉगल, दाराच्या फटीतून मधूनमधून पांढरा लखलखाट. दुखत नाही म्हणते. पण तिच्याजवळ कुणी नसतं. कणकेचा गोळा फिरवणारी बाई, पट्टी ओढणारी मैत्रीण, दोरा दातात धरून भुवया कोरणारी पार्लरवाली. एकेक दुखणं गेलं तसं त्याच्याबरोबर एकेक माणूसही खोलीबाहेर गेलं. मला त्याचं थोडं वाईट वाटतं, फार नाही. कारण ‘केवढे हो केस तुम्हाला!’ असं चार बायकांत ऐकून घेतल्याचंही माझ्या लक्षात आहे, आणि बंद दाराआड ते कुणी म्हणत नाही.

माझ्यासाठी मात्र या यंत्राचा उपयोग संपला. हनुवटीवर माझे उगवतात ते आता पांढरे. त्यांत मेलॅनिनच नाही, तेव्हा उजेड त्यांच्या अंगावरून जातो आणि त्यांना काहीही होत नाही. त्यांना जुना चिमटाच लागतो.

घ्यायचं असेल त्या मुलींनी यंत्र जरूर घ्यावं. खोक्यावर ‘कायमचे जातील’ असं लिहिलं असलं तरी कमी होतील एवढंच धरून चालावं. रंगांचा तक्ता दिवसाउजेडी बघावा, तीळ आणि गोंदण यांवर फ्लॅश मारू नये. आणि विशी-पंचविशीत हनुवटीवर अचानक राठ केस यायला लागले, पाळीही मागेपुढे व्हायला लागली, तर ऑर्डर देण्याआधी डॉक्टरांची वेळ घ्या. पीसीओएस हा संप्रेरकांचा विकार असेल, तर त्याचं मूळ केसाच्या मुळात नसतं.