शिशाच्या दोन पेट्या

माझे वडील तलाठी होते. त्यामुळे गोष्टींच्या पुस्तकांआधी मी जमिनीचे उतारे वाचायला शिकलो, असे म्हटले तरी चालेल. कोणाचे नाव गेले, कोणाचे चढले, यात मला अजूनही कादंबरीची गोडी वाटते. लेकीकडे इंग्लंडात गेलो, तेव्हा राजवाडे पाहायचे सोडून मी डोम्सडे बुकाच्या भाषांतरात डोके घालून बसलो. नॉर्मंडीहून येऊन राज्य जिंकणाऱ्या विल्यम राजाने १०८६ साली करवलेली ही जमीनपाहणी!

तिच्यात एक नाव पुन्हा पुन्हा भेटू लागले : विल्यम द वॉरेन. हा नॉर्मन घराण्यातला धाकटा मुलगा. १०६६ साली हेस्टिंग्जच्या लढाईत तो राजाच्या बाजूने लढला, आणि वीस वर्षांत तेरा परगण्यांत त्याची जमीन झाली. वर्षाचे उत्पन्न अकराशे पौंडांच्या वर. ससेक्समध्ये लुईस, नॉरफकमध्ये कॅसल एकर, यॉर्कशरमध्ये कॉनिसबरो. हे कॉनिसबरो आधी हॅरॉल्डचे, म्हणजे हेस्टिंग्जला पडलेल्या राजाचेच! दफ्तर मात्र शांतपणे सांगते : तेव्हा त्याचे, आता विल्यमचे. वडिलांच्या दफ्तरातही रडणे-भेकणे कधी नोंदलेले नसे.

लुईसच्या नोंदीपाशी मी अडलो. बाजारात घोडा विकला, तर विकणाऱ्याने एक पेनी द्यायची, घेणाऱ्याने एक. बैलाला अर्धी पेनी. माणसाला चार पेन्स. मी ती ओळ लेकीला वाचून दाखवली. ती भाजी चिरत होती. तिचे हात थांबले. घोड्याच्या आणि बैलाच्या रांगेत माणूस, आणि कारकुनाच्या अक्षरात त्याचे काही वेगळे नाही.

हाच विल्यम पत्नी गुंद्रादासह रोमच्या यात्रेला निघाला होता. वाटेत लढाया चालू असल्याने दोघे क्लूनीच्या मठात थांबले. तिथल्या भिक्षूंची त्यांच्यावर अशी छाप पडली, की लुईसला त्यांनी त्याच पंथाचा मठ काढला. इंग्लंडातला तो पहिलाच. इकडे देवाला जमीन द्यायची आणि तिकडे एलीच्या मठाची दाबायची, हेही त्याला जमे. १०८८ साली तो वारला. एलीच्या बखरीत लिहिले आहे, की सैतान त्याचा आत्मा ओढून नेताना मठाधिपतीला ऐकू आले. पुढे त्याच्या दुसऱ्या पत्नीने मठाला शंभर शिलिंग पाठवले, ते घ्यायला भिक्षू धजले नाहीत. बखर जमीन गेलेल्यांनी लिहिली आहे, हे ध्यानात ठेवून वाचावे. पण मला ती आवडली. दफ्तरात जे मावले नाही, ते कुठेतरी निघालेच.

लुईसचा मठ १५३७ साली मोडला. १८४५ साली रेल्वेसाठी खणताना मजुरांना शिशाच्या दोन पेट्या सापडल्या. आत हाडे, वर नावे कोरलेली : विल्यम, गुंद्रादा. जवळच्याच साउथओव्हरच्या चर्चमध्ये त्या ठेवल्या आहेत. आम्ही मुद्दाम पाहायला गेलो. हाडे मागाहून उचलून भरलेली, म्हणून पेट्या अगदी आखूड.

"बाबा, एवढ्याशाच?" लेक म्हणाली.

दाराशी देणगीची पेटी होती. एलीच्या भिक्षूंची आठवण झाली, तरी मी तीत एक पौंड टाकला.