पडद्यासमोर गाडी लावून

शॉमबर्गच्या आम्हा लोकांचं उन्हाळ्यातलं हक्काचं थिएटर म्हणजे वेस्ट शिकागोचं 'कॅस्केड'. 1961 पासूनचं ड्राइव्ह-इन. जूनमध्ये इथे सूर्य साडेआठला मावळतो. तोवर पोरं पडद्याखाली चेंडू खेळत. मग गाडीचं मागचं दार वर करून गोधड्या पसरायच्या आणि रेडिओवर आवाज लावायचा. तान्हं बाळ रडलं तरी कुणी वळून बघत नसे. भारतातून आलेल्या सासूबाई पाय लांब करून खुशाल मोठ्याने विचारत, "हा कोण गं आता?" आणि मी निवांत सांगत बसे.

अशा वेळी गप्पांत वांद्र्याच्या कलानगरचं ड्राइव्ह-इन निघायचंच, आणि त्यामागून जत्रेतल्या तंबूतलं टुरिंग टॉकीज. सासूबाईंना ते जास्त जवळचं. जमिनीवर ऐसपैस बसून, सगळ्या गावासोबत पाहिलेला सिनेमा.

'कॅस्केड'चा 2018 चा हंगाम शेवटचा ठरला. 1950 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत अशी चारेक हजार थिएटरं होती, आता जेमतेम तीनशे. शहरं पसरली, जमिनीला सोन्याचा भाव आला. दिवसाला एक-दोन खेळ, तेही थंडी सरल्यावर. एवढ्या मोठ्या मैदानाचा खर्च त्यातून निघणार कसा? कलानगरचंही गेलं. त्याच भागात 2021 मध्ये जिओने मॉलच्या गच्चीवर नवं काढलं. आनंद आहे, पण पायाखाली माती नाही, याची मला चुटपुट लागते.

आमच्याकडे पाऊण-एक तासावर मॅकहेन्रीचं थिएटर 1951 पासून टिकून आहे. 2013 च्या सुमारास फिल्मची रिळं बंद होऊ लागली आणि डिजिटल प्रोजेक्टर घ्या नाहीतर कुलूप लावा, अशी पाळी आली. तेव्हा होंडा कंपनीने लोकांची मतं घेऊन काही ड्राइव्ह-इनना प्रोजेक्टर दिले, त्यांत मॅकहेन्री होतं. त्या मतांनी एक थिएटर वाचलं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

पण दरवर्षीचा खर्च मतांवर भागत नाही. तिकिटातला मोठा वाटा वितरकाकडे जातो. थिएटर चालतं ते पॉपकॉर्न, हॉट डॉग आणि थंड पेयांवर. म्हणून शनिवारी मुलांना घेऊन जाताना चिवड्याचा डबा घरीच ठेवा आणि खायचं ते तिथल्या खिडकीवरच घ्या.