चौदा स्वप्नं मोजून घ्या



पर्युषणाचे बॅनर आता घरीच, मोबाईलवर होतात. धुळ्याच्या भाचीने एआयकडून त्रिशला मातेच्या स्वप्नांचं चित्र करून जळगावला मला पाठवलं. रंग सुरेख! पण मी कॉमर्सवाली, आधी मोजलं. स्वप्नं 11च, त्यात लक्ष्मीदेवी दोनदा. खाली साध्वीजी, पण मुहपत्ती नाही आणि पायात चपला!

कल्पसूत्राच्या हस्तलिखितांत चित्रकारांनी शतकानुशतकं ही 14 स्वप्नं काढली (दिगंबर परंपरेत 16). त्यांना ती पाठ होती. यंत्र मात्र कोट्यवधी चित्रं पाहून अंदाज बांधतं, आणि त्यात आपल्या साध्वीजी थोड्याच. म्हणून सगळं लिहून सांगावं लागतं: पांढरी वस्त्रं, मुहपत्ती, रजोहरण, अनवाणी पाय. स्वप्नं एकेक वेगळी मागून मग जोडावीत.

तेवढं भाचीने केलं. राहिला तिच्या सासूबाईंच्या अठाईचा फोटो. आठ उपवासांनी उतरलेला चेहरा यंत्राने गोरा, गुबगुबीत केला होता. मी म्हटलं, "बेटा, सगळं सुधार, पण हा चेहरा राहू दे. अनुमोदना कशाची करतोय आपण?"

मूळ फोटोच छापला. सासूबाई बॅनरसमोर उभ्या राहिल्या, तेव्हा लहानग्या नातवानेही ओळखलं.