रोज एक पान

निवृत्त झाले की लिहायला बसणार, असं मी नोकरीत असताना इतक्या जणांना सांगून ठेवलं होतं की पुढे लोकच विचारायला लागले, "काय बाई, पुस्तक कुठवर आलं?" पुस्तक कसलं घेऊन बसलात! दोनशे पानी वही आणली, शाईचं पेन आणलं, पहिल्या पानावर 'श्री' काढलं आणि गाडी तिथेच अडली. ३५ वर्षं मुलांच्या निबंधांवर लाल शाईने शेरे मारलेला हात माझा. स्वतःचं एक वाक्य लिहिलं की मनातली बाई लगेच ते खोडून टाकायची.

साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात अवघ्या ५ दिवसांत लिहिली, हे मी वर्गात दरवर्षी सांगत असे. मुलं "बापरे!" म्हणायची, मलाही तो चमत्कारच वाटायचा. पण त्याआधी अमळनेरला शिक्षक असताना गुरुजी वसतिगृहातल्या मुलांसाठी 'छात्रालय दैनिक' काढत, तेही स्वतः हाताने लिहून. शिकवायचं, मुलांचं दुखलंखुपलं बघायचं आणि वर हे लेखन. त्या ५ दिवसांमागे हा सराव असणार, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. आणखी एक लक्षात आलं. गुरुजींना आपण कुणासाठी लिहितोय ते ठाऊक होतं. त्या मुलांचे चेहरे रोज समोर होते. मी मात्र कुणा अनोळखी परीक्षकासाठी लिहीत होते!

माझी थोरली बहीण, अक्का, सांगलीला असते. वय ८४. वाचनाचं भारी वेड. पण काचबिंदूने नजर गेली आणि दिवाळी अंक नुसते उशाशी पडून राहू लागले. एका संध्याकाळी फोनवर बोलायला काही सुचेना, म्हणून मी लिहिलेलं एक पान तिला वाचून दाखवलं. आमच्या जुन्या घरातल्या पाण्याच्या बंबावर होतं. पहाटे उठून अण्णा बंब पेटवायचे वगैरे.

अक्काने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "बंब तांब्याचा होता, पितळेचा नव्हे. आणि अण्णा कुठले पेटवतात? मी पेटवायचे."

मी खजील झाले. तर म्हणते, "उद्या काय वाचणारेस?"

त्या दिवसापासून संध्याकाळी ७ वाजता, देवापाशी दिवा लावून झाला की, माझा फोन जातो. मधे तापाने ४ दिवस लिहिलं नाही. तसं सांगितलं, तर पलीकडून एवढंच आलं, "मग मी काय ऐकू?" दुसऱ्या दिवशी पडल्या पडल्या अर्धं पान लिहिलं. अक्काने आजवर "छान लिहितेस" असं एकदाही म्हटलेलं नाही. चुका मात्र रोज काढते. पण चुका काढायच्या तर नीट ऐकावं लागतं, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार!

एक पान मात्र लिहून ८ दिवस तसंच ठेवलं होतं. ज्या जूनमध्ये मी शाळेत जाऊ लागले, त्याच जूनमध्ये अक्काची शाळा सुटली. धाकट्याच्या बाळंतपणानंतर आईला अंथरुणातून उठवेना. घर अक्काच्या अंगावर आलं, आणि मी पुढे बी. ए. झाले. यावर आम्ही दोघी आयुष्यात कधी बोललो नव्हतो. अखेर एकदा धीर करून वाचलं. पलीकडे इतकी शांतता की फोन कटला असं वाटलं.

"अक्का, आहेस ना गं?"

"आहे. सातवीच्या फायनलला माझा पहिला नंबर आला होता. ते घातलं नाहीस तू."

मला खरंच माहीत नव्हतं. सत्तरहून अधिक वर्षं ती हे एकटीच सांभाळून होती. मी तिथल्या तिथे समासात लिहून घेतलं आणि तिला परत वाचून दाखवलं. "हं," म्हणाली. मग नेहमीसारखंच, "उद्या?"

लिहायचं मनात असलेल्या माझ्यासारख्यांना एवढंच सांगेन : वही-पेन नंतर आणा, आधी ऐकणारं एक माणूस गाठा आणि वेळ ठरवून टाका. रोज एक पान पुरे.

माझी तिसरी वही चालू आहे. साडेसहा वाजले, आजचं पान अजून व्हायचंय!