एक इंच

उर्दू शाळेत शिकवणाऱ्यांचा अमेरिकन मोटारीशी काय संबंध, असे वाचक विचारतील. संबंध मामूंचा. ते कोकणातून निघाले आणि मिशिगनमधल्या डिअरबॉर्न शहरात स्थिरावले. फोर्डच्या पहिल्या मस्टँग गाड्या १९६४ साली याच शहरात तयार झाल्या. निवृत्तीनंतर मामूंनी १९६६ची एक जुनी मस्टँग घेतली. २०१९च्या उन्हाळी सुट्टीत आम्ही तिघांनी तिच्या पुढच्या सस्पेन्शनला हात घातला. तिघे म्हणजे पंच्याहत्तरीचे मामू, त्यांची मुलगी आणि सुट्टीवर आलेला हा मास्तर.

तो काळ 'मसल कार'चा. १९६४ साली पॉन्टियॅकने मध्यम आकाराच्या गाडीत ३८९ घनइंचाचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे इंजिन बसवून 'जीटीओ' बाजारात आणली आणि तरुणांना वेगाचे वेड लागले. त्या जीटीओच्या चारही चाकांना मात्र ड्रम ब्रेकच होते. मस्टँगला जाणकार 'पोनी कार' म्हणतात, पण दुखणे तेच. इंजिनाचे कौतुक सगळे करतात, चाक रस्ता कसे धरते हे कोणी विचारत नाही.

मामूंच्या मुलीने विचारले. ती म्हणाली, "अब्बा, ही सरळ छान धावते, पण वळणावर घाबरवते. माझा मुलगा हिच्यात बसणार नाही." मामू गप्प झाले. नातवाला घेऊन फिरता यावे म्हणूनच त्यांनी ही गाडी जपली होती.

मस्टँगचे पुढचे प्रत्येक चाक वर एक आणि खाली एक अशा दोन आर्मवर तोललेले असते. स्प्रिंग वरच्या आर्मवर उभी राहते. वळणावर गाडी झुकली की बाहेरच्या बाजूच्या चाकाचा माथाही बाहेर कलतो. मग टायर पूर्ण तळव्याने न चालता कडेवर चालतो आणि पकड सुटू लागते.

उपाय दोन होते. पहिला, पूर्ण नवी जोडणी विकत आणायची. पण त्या जोडणीसाठी स्प्रिंग ज्यांत बसते ते दोन्ही बाजूंचे लोखंडी मनोरे कापावे लागले असते. मामूंना ते मान्य नव्हते. दुसरा उपाय जुना. फोर्डचे अभियंते क्लाउस आर्निंग यांनी त्याचे गणित मांडले होते आणि कॅरोल शेल्बी यांच्या १९६५च्या 'जीटी-३५०'मध्ये ते वापरले गेले. वरच्या आर्मची बैठक सुमारे एक इंच खाली घ्यायची, एवढेच. मग गाडी झुकली तरी चाकाचा माथा आत कलतो आणि टायर रस्त्यावर सपाट टेकतो. पुढे १९६६च्या गाड्यांत खर्च वाचवण्यासाठी शेल्बींकडेही हे काम बंद झाले.

आम्ही दुसरा उपाय धरला. दाबलेली स्प्रिंग निसटली तर माणसाचा जीव जाऊ शकतो, म्हणून स्प्रिंग दाबून धरणारे हत्यार नीट बसल्याशिवाय मुलीने कोणाला पुढे येऊ दिले नाही. दोन्ही बाजूंना मोजून नवी भोके पाडली. बॉल जॉइंट बदलले. पुढे डिस्क ब्रेक आणि जाड अँटीरोल बार बसवला. स्प्रिंगखालच्या बैठकीतले रबरी बुश झिजून करकरत होते, तिथे बेअरिंगची बैठक आली.

शेवटी अलाइनमेंट. १९६६ची पुस्तकातली मापे त्या काळच्या टायरांसाठी होती. आजच्या रेडियल टायरांना कॅस्टर जास्त लागतो. म्हणजे चाक ज्या अक्षावर वळते त्याचा माथा थोडा अधिक मागे झुकवावा लागतो. त्यामुळे गाडी सरळ रस्त्यावर भरकटत नाही.

आम्ही वर्गात वर्षानुवर्षे पाहतो की हुशार मुलाला सगळे आणखी पळायला सांगतात. त्याचे पाय कुठे टेकतात हे पाहणारा एखादाच. या गाडीतही एक अश्वशक्ती वाढली नाही. जागा बदलली ती एका इंचाने.

पहिली फेरी मुलीने मारली, मामू शेजारी बसले. उतरताना त्यांनी एवढेच विचारले, "तो करकर आवाज कुठे गेला?" त्यांच्या स्वरात थोडी हुरहूर होती. मुलीने उत्तर दिले नाही. ती घरात गेली आणि मुलाला बूट घालायला लागली.